वाणी, ठिणगी आणि न्यायासन

भिवंडी तालुक्यातील दापोडे हे नाव आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानी पडले असेल. परंतु त्यांच्या दाराशी जी पुडकी नित्य येऊन पडतात, त्यांतील कित्येक पुडकी एखादी रात्र या परिसरात मुक्काम करून आलेली असतात. मानकोली नाक्याकडून आत वळले की जेथे पूर्वी भाताची खाचरे होती तेथे आता पत्र्याच्या छपरांची गोदामे दिसतात, आणि गोदामांपुढे मालमोटारींच्या रांगा. गेल्या पंधरवड्यात घरगुती कारणाने या गावी जाण्याचा आम्हांस योग आला. ओटीवर बसलेल्या वृद्ध यजमानांशी पीकपाण्याच्या आणि जमिनीच्या भावाच्या गोष्टी झाल्यावर बोलणे सहज त्यांच्या नातवाकडे वळले. मुलाने मोबाइलवरील गावच्या गटात रस्त्यासंबंधी चार ओळी लिहिल्या होत्या. त्या कोणासही शिवीगाळ करणाऱ्या नव्हत्या. तथापि दुसऱ्याच दिवशी एका वजनदार गृहस्थाचा निरोप आला की, बदनामीची फिर्याद ठोकू आणि भिवंडीच्या कोर्टाच्या खेपा घालावयास लावू. आजोबांनी नातवास तो मजकूर पुसावयास लावला. “साहेब, पोरगा खोटं बोलला नव्हता. पण खरं ठरेपर्यंत त्याचं लग्नाचं वय निघून जाईल,” असे ते शांतपणे म्हणाले.

हे वाक्य आमच्या मनातून जावयास तयार नाही. भाषणस्वातंत्र्यावर आम्ही या स्तंभातून आजवर पुष्कळ लिहिले आहे. ते लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे सर्वोच्च न्यायालय असे, मोठमोठे न्यायमूर्ती असत आणि त्यांचे शेकडो पृष्ठांचे निकालपत्र असे. दापोड्याच्या ओटीवर मात्र या स्वातंत्र्याचे माप निराळ्या वजनाने केले जाते. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने त्या मुलास बोलण्याचा हक्क दिला आहे हे आजोबांस ठाऊक नसेल असे नाही. तो हक्क सिद्ध करावयास किती तारखा पडतात हेही त्यांस ठाऊक आहे, एवढेच.

त्यांची ही भीती निराधार म्हणावी तर याच तालुक्यातील सोनाळे येथील प्रकरण सर्वांपुढे आहे. ६ मार्च २०१४ रोजी तेथील प्रचारसभेत काँग्रेसचे नेते श्री. राहुल गांधी यांनी महात्माजींच्या हत्येच्या संदर्भात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाविषयी एक विधान केले. संघाच्या एका स्थानिक कार्यकर्त्याने भिवंडीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फौजदारी बदनामीची फिर्याद गुदरली. आरोपी उच्च न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयात गेले, २०१६ मध्ये तेथून अर्ज मागे घेऊन पुन्हा भिवंडीस आले. आरोप निश्चित झाले ते जून २०१८ मध्ये. आणि हा खटला त्वरेने निकालात काढावा असे मुंबई उच्च न्यायालयास २०२४ साली सांगावे लागले. ते विधान सत्य की असत्य, आक्षेपार्ह की क्षम्य, याविषयी आम्ही येथे एक अक्षरही लिहिणार नाही. ते न्यायालयाचे काम आहे. परंतु दहा वर्षांत फिर्यादीस आपल्या संस्थेची अब्रू निर्दोष ठरल्याचे समाधान लाभले नाही आणि आरोपीस आपण कायद्याच्या कक्षेत बोललो असे म्हणवून घेता आले नाही. ज्यांच्या मागे पक्ष, संघटना आणि नामांकित वकील उभे आहेत त्यांची जर ही कथा, तर गोदामात हिशेबनीस असलेल्या तरुणाने काय करावे?

फौजदारी बदनामीचे कलम घटनेस धरून आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये दिला. मनुष्याची प्रतिष्ठा हा त्याच्या जीविताच्या हक्काचाच भाग होय, असा त्यामागील विचार. अब्रूचे मोल आम्ही जाणतो. वृत्तपत्राच्या धंद्यात ते न जाणून भागत नाही. तरीही न्यायालयाविषयी पूर्ण आदर राखून आम्हांस असे वाटते की, अब्रूची भरपाई दिवाणी न्यायालयात मागावी. तिच्यासाठी तुरुंगाचा दरवाजा उघडा ठेवू नये. त्याच निकालात न्यायदंडाधिकाऱ्यांनी समन्स काढण्यापूर्वी फिर्याद अत्यंत काळजीपूर्वक तपासावी असेही बजावले आहे. २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या नव्या न्याय संहितेत हे कलम राहिले, फक्त शिक्षेत समाजसेवेचा एक पर्याय जोडण्यात आला. काळजीपूर्वक तपासण्याची ती आज्ञा प्रत्यक्षात किती पाळली जाते हे तालुक्याच्या कोणत्याही वकिलास विचारावे.

महाराष्ट्रास हा विषय नवा नाही. १८९७ मध्ये टिळकांस जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर दावर पुढे न्यायमूर्ती झाले आणि १९०८ मध्ये त्यांनीच टिळकांस सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली, ही कथा आमच्या पिढीने शाळेत ऐकली. १९१६ ची कथा त्या मानाने कमी सांगितली जाते. बेळगाव आणि अहमदनगर येथील स्वराज्याच्या भाषणांबद्दल टिळकांकडून वर्षभराच्या सद्वर्तनासाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचे जामीन मागण्यात आले होते. बॅरिस्टर जिना त्यांच्या वतीने उभे राहिले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बॅचलर व शाह यांनी तो हुकूम रद्द केला. कारण असे की, एखादे तिखट वाक्य वेचून काढून वक्त्यास दोषी धरावयाचे नाही. भाषण समग्र वाचून श्रोत्याच्या मनावर काय ठसा उमटतो ते पाहावयाचे. बॅचलर इंग्रज होते आणि बाहेर महायुद्ध चालू होते, हे विसरू नये. आज दहा सेकंदांची ध्वनिफीत कापून गावोगाव फिरविली जाते आणि तेवढ्यावर गुन्हे दाखल होतात, तेव्हा त्या निकालाची आम्हांस पुनःपुन्हा आठवण होते.

परंतु उच्च न्यायासनावरून दिलेला निकाल पोलीस ठाण्याच्या अंमलदारापर्यंत पोहोचावयास किती काळ लागतो? नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर अद्याप ठाणे जिल्ह्यातच होते तेव्हा, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला आणि दुसरीने त्यास पसंती दर्शविली. दोघींस अटक झाली. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची नासधूस झाली. या घटनेने देश अस्वस्थ झाला, आणि ज्या कलमाचा त्यात उपयोग झाला ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. एवढ्याने ते मेले असे कोणासही वाटेल. पण मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदविणे चालूच राहिले. २०१९ मध्ये न्यायालयास निकालाच्या प्रती सर्वत्र पाठविण्याचा आदेश द्यावा लागला आणि २०२२ मध्ये असे खटले बंद करा असे पुन्हा सांगावे लागले. सात वर्षे! दिल्लीहून निघालेली मालमोटार भिवंडीच्या गोदामात याहून पुष्कळच लवकर पोहोचते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. पालघरच्या मुलींची गोष्ट निराळी, भिवंडीची निराळी. जेथे शब्दाने माणसे मेली तेथे शब्दाला मोकळीक कशी द्यावयाची? दापोड्यातही एका गृहस्थाने आम्हांस हेच विचारले. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली. ती विझण्यापूर्वी एकट्या भिवंडीत ७८ माणसे मृत्युमुखी पडली आणि ज्वाळा जळगाव व महाडपर्यंत गेल्या. या दंगलींच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमण्यात आला. मिरवणुकीचा मार्ग, मशिदीपुढील वाद्ये, गुलाल, घोषणा, दोन्ही बाजूंच्या संघटनांची भाषणे व पत्रके यांची छाननी करीत आयोगाचे काम वर्षानुवर्षे चालले. त्याच्या अनेक खंडांच्या अहवालात तपास करणाऱ्या पोलिसांच्या विशेष पथकावरही पक्षपाताबद्दल कठोर ताशेरे आहेत. थोडक्यात, द्वेषाचा एक शब्द कोणत्या गल्लीतून कोणत्या गल्लीत जाऊन माणसाच्या हाती मशाल कशी देतो, हे या न्यायमूर्तींइतके जवळून पाहिलेले दुसरे न्यायाधीश महाराष्ट्रात त्या काळी क्वचितच असतील.

आता पुढचे पाहा. आणीबाणी आली. वृत्तपत्रांवर नियंत्रक बसले. श्री. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या इंग्रजी नियतकालिकातील मजकूर नियंत्रकाने रोखला, तेव्हा ते उच्च न्यायालयात गेले आणि एकसदस्य न्यायपीठापुढे जिंकले. सरकारपक्षाने अपील केले. फेब्रुवारी १९७६ मध्ये ते फेटाळणाऱ्या खंडपीठावर न्यायमूर्ती कनिया यांच्या समवेत कोण होते? हेच न्यायमूर्ती मादन. सर्व वृत्तपत्रांनी एकाच वाऱ्याच्या रोखाने शिडे फिरवावीत आणि एका सुरात बोलावे अशी व्यवस्था करणे हे नियंत्रकाचे काम नव्हे, अशा आशयाचे त्या निकालात सांगितले आहे. देशात शेकडो नेते तुरुंगात होते. आधीच्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत निर्भयपणे बोलल्या होत्या, आणि त्यांनाही पुढे कारावास घडावयाचा होता.

भिवंडीची राख पाहिलेला माणूस शब्दाला भिऊन त्याचे तोंड बांधावयास निघाला असता तर त्यास फारसे कोणी नावे ठेवली नसती. न्यायमूर्ती मादन यांनी तसे केले नाही. आमच्या मते त्यांनी भिवंडीत पाहिल्यामुळेच तसे केले नाही. ठिणगी कशी असते हे ज्यास ठाऊक असते तोच नुसत्या उजेडाला ठिणगी म्हणत नाही. सत्तेवरील टीका आणि शेजाऱ्याच्या घरावर चाल करून जाण्याची हाक या दोन गोष्टींतील अंतर त्यांना कागदावर शोधावे लागले नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९८९ मध्ये एका चित्रपटाच्या प्रकरणात हीच कसोटी सांगितली: दारूच्या कोठारात पडलेल्या ठिणगीइतका धोका निकट असेल तरच वाणीवर बंधन घालता येईल.

न्यायालये नेहमीच अशी वागली असे मात्र नाही. त्या निकालानंतर तीन महिन्यांच्या आत, २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत स्थानबद्ध नागरिकास न्यायालयाचे दारच बंद केले. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरुद्ध उभे राहिले. बहुमतात आमच्या पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते, आणि तो निर्णय चुकला असे लिहिण्याचे काम २०१७ मध्ये त्यांच्याच सुपुत्राकडे आले. एकेचाळीस वर्षांनी चूक दुरुस्त झाली याचे समाधान मानावे की एकेचाळीस वर्षे लागली याचा खेद करावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

२०२२ व २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने द्वेषमूलक भाषणांच्या बाबतीत पोलिसांनी फिर्यादीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा असे आदेश दिले. हेतू स्वच्छ आहे, आणि ज्या भाषणांनी तो आदेश ओढवला ती ऐकून कोणाही सभ्य माणसास लाज वाटेल. तथापि अंमल कोणाच्या हातून व्हावयाचा? पालघरला जे चुकले त्यांच्याच. विशेष पथकाविषयी मादन आयोगाने जे लिहिले ते ज्यांनी वाचले आहे, त्यांनी या हत्याराची मूठ कोणाच्या हाती आहे याकडे दुर्लक्ष करणे बरे नव्हे.

आणि भिवंडीनेच याचा दुसरा एक उपायही दाखविला आहे, ज्याचा उल्लेख कायद्याच्या ग्रंथांत सापडणार नाही. १९८४ मध्ये तेथे पुन्हा दंगल झाली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले श्री. सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. यंत्रमागवाले, दुकानदार, शिक्षक, मौलवी, पुजारी, हिंदू-मुसलमान एका सतरंजीवर बसू लागले. प्रथम गटारे, पाणी, वाहतूक यांच्या तक्रारी निघत. मग हळूहळू मनातल्या गोष्टीही निघू लागल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली. खाडीपलीकडची भिवंडी शांत राहिली. कोणाचेही तोंड बंद करून हे साधले नव्हते.

हे सर्व आम्ही दापोड्याच्या त्या आजोबांस सांगितले. त्यांनी मादन साहेबांचे नाव ऐकले होते. १९७० मध्ये ते ऐन तारुण्यात होते. पण नातवाने ती ओळ पुन्हा लिहावी असे त्यांना वाटले नाही, आणि आम्हांसही तसा आग्रह करण्याचा धीर झाला नाही, कारण तारखांना खेपा घालावयाच्या होत्या त्या त्यांच्या घरच्याला.

निघताना मात्र आम्ही त्या मुलाकडून पुसलेला मजकूर तोंडी ऐकून घेतला. गोदामांच्या मालमोटारी रात्रभर रस्त्याच्या दोन्ही अंगांस उभ्या असतात. सकाळी शाळेस निघालेल्या मुलांस चालावयास कडाही उरत नाही. पावसाळ्यात तेथे गुडघाभर पाणी साचते. आणि मोटारी उभ्या करण्यासाठी निराळी जागा द्यावी असे गावाने वारंवार सांगितले आहे. मजकूर एवढाच होता. त्याच्या आजोबांच्या अनुमतीने, कोणाचेही नाव न घेता, तो आज आम्ही आमच्या जबाबदारीवर छापीत आहो.