ऑर्किडची मुळं कुजली? आधी झारी खाली ठेवा!



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी एखादं तरी ऑर्किड येऊन गेलेलं असतं. कुणी वास्तुशांतीला दिलेलं, कुणाच्या मुलांनी मदर्स डेला आणलेलं. दोन-तीन महिने फुलं मस्त टिकतात. मग आपण हौसेने कुंडी बदलतो आणि महिन्याभरात झाड मान टाकतं!

माझंही असंच झालं. सासूबाई सहा महिने आमच्याकडे न्यू जर्सीला राहून गेल्या. जाण्याआधी त्यांनी ग्रोसरीच्या दुकानातून पांढऱ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस स्वतः निवडून आणलं. परत गेल्यावर दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न असायचा, "माझं झाड कसं आहे?" फुलं गळाल्यावर मी ते एका मोठ्या कुंडीत, तुळशीसाठी आणलेल्या मातीत लावलं. तीन आठवड्यांत पानं सुरकुतली. तहान लागली असेल म्हणून आणखी पाणी घातलं, तर पानं आणखीच लोंबली. शेवटी एका रविवारी आईंना खरं काय ते सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "अगं, आपल्या परसातल्या आंब्यावर सीतेची वेणी आहे ना, तिला कधी कुणी माती घातली होती का?"

मुळांना हवा हवी

आईंच्या त्या एका प्रश्नात सगळं उत्तर होतं. सीतेची वेणी हेही ऑर्किडच. कोकणात, सह्याद्रीत ते झाडाच्या फांदीला मुळांनी धरून राहतं. बांडगुळासारखं ते झाडाचा रस शोषत नाही, फक्त आधार घेतं. पाऊस पडला की मुळं भिजतात आणि वाऱ्याने पुन्हा सुकतात. दुकानात मिळणारं फॅलेनॉप्सिसही मूळचं आग्नेय आशियातलं, तेही असंच झाडांवर वाढणारं. त्याच्या मुळांवर स्पंजासारखं जाड आवरण असतं. ते पाणी चटकन शोषतं, पण त्याला हवाही तितकीच लागते. ओल्या मातीत हवा मिळत नाही, मुळं गुदमरतात आणि बुरशीचं फावतं. शिवाय कुंडी बदलताना काही मुळं मोडलेली असतात. त्या जखमांतून बुरशी सहज आत शिरते.

आता गंमत बघा. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून झाड पाण्यात उभं असूनही तहानलेलं राहतं. सुरकुतलेली पानं पाहून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलेली मुळंही कुजतात. तेव्हा पानं मलूल दिसली तर पाणी घालण्याआधी मुळं बघा.

मी काय केलं

१. झाड कुंडीतून अलगद काढलं, जुनी माती कोमट पाण्याने धुऊन टाकली.

२. मुळं एकेक करून दाबून पाहिली. चांगलं मूळ घट्ट असतं, कोरडं असताना रुपेरी आणि भिजल्यावर हिरवं. कुजलेलं मूळ तपकिरी, गिळगिळीत किंवा पोकळ असतं. ओढलं की साल निघून येते आणि हातात नुसता दोरा उरतो.

३. कात्री रबिंग अल्कोहोलने पुसून घेतली आणि कुजलेला भाग पार निरोगी मुळापर्यंत कापला. इथे दयामाया नको, थोडं कुजलेलं राहिलं तरी ते पसरतं.

४. कापलेल्या टोकांना मसाल्याच्या डब्यातली दालचिनीची पूड लावली. ती बुरशीला आवरते, पण मुळं सुकवतेही. म्हणून फक्त कापलेल्या जागीच लावायची.

५. झाड रात्रभर कागदावर उघडं ठेवलं, म्हणजे जखमा सुकतात.

६. नवी कुंडी उरलेल्या मुळांपुरतीच, लहान घेतली. भोकं असलेली पारदर्शक प्लास्टिकची असेल तर मुळं बाहेरून दिसतात. त्यात माती नाही, तर ऑर्किडसाठी मिळणारे सालीचे जाड तुकडे भरले.

७. तीन दिवस पाणी दिलं नाही. त्यानंतर मात्र सिंकमध्ये भरपूर पाणी घालून पूर्ण निथळू दिलं. साल जवळजवळ सुकली आणि मुळं रुपेरी दिसली की पुन्हा तसंच. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू द्यायचं नाही.

सांभाळायच्या गोष्टी

नवी मुळं दिसेपर्यंत खत देऊ नका. फुलांचा दांडा असेल तर मन घट्ट करून कापा, म्हणजे झाडाची शक्ती मुळांकडे जाईल. पूर्वेची खिडकी उत्तम, पण कडक ऊन नको. आपल्याकडच्या हिवाळ्यात हीटरच्या झोताजवळ किंवा गारठलेल्या काचेला टेकून कुंडी ठेवू नका. ६५ ते ८५ अंश फॅरनहाइट तापमान त्याला मानवतं.

मुळं अगदीच एक-दोन उरली असतील तर कुंडीवर पारदर्शक पिशवी सैलसर घाला. आतल्या दमट हवेमुळे पानं कमी सुकतात. दिवसातून एकदा पिशवी उघडून वारा लागू द्या. मात्र पानांचा मधला गाभाच काळा आणि मऊ पडला असेल, तर झाड वाचणं कठीण.

आणि घाई करू नका. सुरकुतलेली जुनी पानं पुन्हा पूर्वीसारखी ताठ होतीलच असं नाही. नवं मूळ आणि नवं पान हीच सुधारणेची खूण. त्याला महिने लागतात, फुलांना तर वर्षही लागू शकतं.

आमच्या झाडाला चार महिन्यांनी हिरव्या टोकाची दोन नवी मुळं फुटली. फोटो पाहून आई म्हणाल्या, "आता मी येईपर्यंत कुंडी बदलू नकोस हं!" फुलं अजून यायची आहेत. तोवर तुमच्या खिडकीतल्या ऑर्किडची खुशाली जरूर कळवा.