आजीच्या घरात घडलेला रॅपर

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या रॅपरबद्दल लिहायचे म्हटले की लेखणी आपसूक एका वाटेने जाते: गरीब वस्ती, मोडलेले घर, अमली पदार्थांचा धंदा आणि त्यातून फुटलेले गाणे. अटलांटाचा किलर माइक, म्हणजे मायकल रेंडर, या वाटेवर पुरता सापडत नाही. त्याच्या गाण्यांत हे सारे येते, पण त्याचे गाणे त्यावर उभे नाही. एकमेकींशी न पटणाऱ्या निष्ठा एकाच वेळी बाळगण्याची सवय आणि समोर जमाव आहे असे धरून बोलण्याचा सूर या दोन गोष्टी त्याला बालपणाने दिल्या, आणि त्याच्या रॅपचे बळ त्यांतच आहे.

माइकचा जन्म १९७५चा. त्याआधी वर्षभर मेनार्ड जॅक्सन अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले होते. शहराचा कारभार आपल्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांच्या हाती असतो, हे या मुलाने गृहीतच धरले असणार. तो वाढला शहराच्या पश्चिमेला, ॲडम्सव्हिल आणि कॉलियर हाइट्सच्या परिसरात. गोऱ्यांच्या वस्तीत घर घेणे कृष्णवर्णीयांना जवळपास अशक्य होते, त्या काळात कृष्णवर्णीय नियोजकांनी आणि बांधकाम व्यावसायिकांनी कॉलियर हाइट्स स्वतः वसवले. २००९ साली त्याची अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली. वडील अटलांटा पोलिसांत, आई वयाने फार लहान, म्हणून मूल वाढवले आजी-आजोबांनी, आणि आजीबरोबर चर्च आलेच.

आता गाण्यांकडे पाहू. २०१२च्या ‘आर.ए.पी. म्युझिक’ या अल्बममधले ‘रेगन’ हे गाणे अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेवर आणि तिने भरलेल्या तुरुंगांवर तुटून पडते. रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष होते ती १९८१ ते १९८९ ही वर्षे माइकच्या शाळेची. त्याने आपल्या गल्लीची कहाणी सांगितली असती तरी चालले असते. तो थेट सत्तेवर आरोपपत्र ठेवतो, मुद्द्यामागून मुद्दा चढवत नेतो, आणि त्या चढणीला चर्चमधल्या प्रवचनाची लय आहे. त्याच अल्बममधले सगळ्यात जिव्हाळ्याचे गाणे आजोबांच्या नावाने आहे. २०२३च्या ‘मायकल’ अल्बमच्या मुखपृष्ठावर त्याचा लहानपणचा फोटो आहे, डोक्यावर प्रभावळ आणि शिंगेही. आत गॉस्पेलचे सूर आणि २०१७ साली गेलेल्या आईचा शोक. पोलिसाचा मुलगा पोलिसांविरुद्ध रॅप करतो, यात अनेकांना दुटप्पीपणा दिसतो. मला तर तो प्रामाणिकपणा वाटतो. मे २०२०मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या हत्येनंतर अटलांटा पेटले, तेव्हा महापौरांच्या पत्रकार परिषदेत माइकने आधी आपण पोलिसाचा मुलगा असल्याचे सांगितले, मग संताप व्यक्त केला, आणि स्वतःचे घर जाळू नका, ते भक्कम करा, असे विनवले. ज्या परिसरात माणसांनी आपली घरे आपणच उभी केली, तिथे वाढलेल्याच्या तोंडी हे आवाहन अगदी साहजिक होते.

यावर आक्षेप येतो तो एल-पीच्या नावाने. ‘आर.ए.पी. म्युझिक’चा निर्माता आणि ‘रन द ज्युएल्स’मधला माइकचा जोडीदार एल-पी हा ब्रुकलिनचा गोरा रॅपर. मग यात दक्षिण कुठे उरली? संगीताची चौकट बाहेरची आहे, हे मान्य करावे लागते. पण आजोबांवरचे गाणे त्या ब्रुकलिनी चौकटीतच आले, हेही विसरता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: त्याच गल्ल्यांत हजारो मुले वाढली, सगळी कुठे किलर माइक झाली? खरेच आहे. प्रतिभा कुठून येते हे बालपण सांगत नाही. ती कोणत्या कामी लागते, एवढेच सांगते. गाण्याबाहेरही तेच दिसते. २०२०मध्ये कृष्णवर्णीय आणि लॅटिनो ग्राहकांसाठी ‘ग्रीनवुड’ ही डिजिटल बँकिंग सेवा उभी राहिली, तेव्हा तिच्या संस्थापकांत माइकच्या जोडीला नागरी हक्क चळवळीतले अँड्र्यू यंग होते.

फेब्रुवारी २०२४मध्ये ‘मायकल’ने तीन ग्रॅमी मिळवले, आणि त्याच दिवशी समारंभाच्या ठिकाणी झालेल्या झटापटीवरून पोलिसांनी माइकला बेड्या घालून नेले. बहुतेक बातम्या बेड्यांच्या झाल्या. वाचकाने मात्र तो अल्बम ऐकावा, आणि त्याआधी २०१२चा.