चिमटा, कोनसेट आणि जुनी बुलेट

जुनी बुलेट घ्यायला आलेला माणूस आधी कान लावतो. अँपिअरमीटरच्या काट्यावर नजर ठेवून पिस्टन जागेवर आणायचा, किक मारायची आणि ते संथ ठोके ऐकत उभं राहायचं. गाडी घरी आली की पैसाही त्याच वाटेनं जातो: इंजिनाचं काम, क्रोम, रंग, सायलेन्सर. मग पहिल्याच घाटात मागचं चाक डुलायला लागतं, हँडल हातात बसत नाही, आणि कुणीतरी समजूत काढतं की बुलेट अशीच चालायची. ही समजूत साफ चुकीची आहे.

मुळात या गाडीचं नाव झालं ते रस्ता धरण्यामुळे. १९४८ साली इंग्लंडमधल्या कोलमोर कप स्पर्धेत रॉयल एनफिल्डने ३५० सीसी बुलेटचे नमुने उतरवले, तेव्हा त्यांच्या मागच्या चाकाला स्विंगआर्म आणि तेलाचे शॉकअॅब्सॉर्बर होते. त्या काळात बहुतेक मोटरसायकलींचं मागचं चाक सांगाड्याला थेट जखडलेलं असे. खडकाळ वाटेवर स्विंगआर्मची सोय टिकेल का, अशी शंका अनेकांना होती. त्याच वर्षी इटलीतल्या सॅन रेमोच्या सहा दिवसांच्या खडतर स्पर्धेत बुलेटस्वारांनी सुवर्णपदकं मिळवली. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे १९७० मध्ये मूळ इंग्रजी कंपनीचं उत्पादन थांबलं, पण तीच रचना मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात चालू राहिली. म्हणजे आज आपल्याकडे गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेल्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटमध्ये तो गुण असतोच. तो झिजेखाली दबलेला असतो, एवढंच.

त्या स्विंगआर्मला मिस्त्री लोक चिमटा म्हणतात, आणि जाणता मिस्त्री सुरुवात तिथूनच करतो. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची आणि मागचं चाक वरून धरून आडवं हलवायचं. खटखट लागली तर आधी चाकाचं बेअरिंग बघायचं. ते ठीक असेल तर चिमट्याचे बुश गेले. नुसते नवे बुश ठोकून काम होत नाही. पिनही झिजलेली असते, आणि झिजलेल्या पिनेवर नवा बुशसुद्धा सैलच बसतो. शिवाय दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत यावी लागतात, त्यासाठी बुश बसवल्यावर रीमर फिरवतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हयात घालवलेला कारागीर हे काम पिनेच्या मापाने करून देतो, आणि बाजारातल्या तयार मालापेक्षा ते कितीतरी सरस असतं.

मग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल अगदी हळू एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचं. बरोबर मध्यावर ते क्षणभर अडकलं, तर वर्षानुवर्षांच्या खड्ड्यांनी छर्‍यांच्या खुणा वाटीत उमटल्या आहेत. अशी गाडी कमी वेगात सरळ जातच नाही, सतत सावरावी लागते. बरेच जण इथे छर्‍यांऐवजी टेपर रोलर बेअरिंग घालतात. जुन्या बुलेटमध्ये करण्यासारखा हा सर्वांत चांगला बदल आहे. मात्र ते जास्त आवळलं की रोग पुन्हा तोच.

एक गोष्ट हमखास राहून जाते. या सांगाड्यात इंजिनाखालून नळी जात नाही. पुढची नळी इंजिनापाशी संपते आणि तिथून भार इंजिन, गिअरबॉक्स नि त्यांच्या प्लेटा पेलतात. त्या प्लेटांचे बोल्ट ढिले असले तर सांगाडाच ढिला झाला!

फोर्कमधलं तेल बदलायचं, सील बघायचे, नळ्या वाकल्या नाहीत ना हे तपासायचं. पुढचा अॅक्सल पक्का आवळण्याआधी फोर्क चार-पाच वेळा दाबून घ्यायचा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी येतात.

ब्रेकचं काम मात्र निवांतपणे करावं. जुन्या ३५० चा पुढचा ड्रम लहान असतो, त्यामुळे लाइनरचा इंचन् इंच ड्रमला भिडायला हवा. स्पोक ताणले की ड्रम किंचित लंबगोल होतो. म्हणून आधी चाक विणायचं, रिमची आऊट काढायची, आणि मग अख्खं चाक लेथवर चढवून ड्रम घासायचा. एवढं मोठं चाक घेणारा लेथ शोधावा लागतो, पण ब्रेकमधला फरक पहिल्याच सिग्नलला कळतो.

टायर मुळात १९ इंची आणि अरुंद, ३.२५ चे. मागे रुंद टायर घालायची हौस दिसते, पण त्याने गाडी वळणात जड होते. उंच शॉकअॅब्सॉर्बरचंही तसंच. मागची बाजू उचलली की हँडल चपळ होतं, पण तेवढीच सरळ रस्त्यावरची स्थिरता जाते. मूळ उंचीचे, चांगल्या तेलाचे शॉकअॅब्सॉर्बर पुरेसे असतात. टायरच्या कडेवरचा चार अंकी आकडा मात्र वाचावा: पहिले दोन अंक आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असलेला दहा वर्षांचा टायर पावसात दगा देतो.

शेवटी दोरी. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी ताणून चाकं एका रेषेत आणायची. अॅक्सलच्या गोगलगाय अॅडजस्टरवरचे खाचे दोन्हीकडे सारखे आले, तरी वाकलेल्या चिमट्यात चाक तिरकंच राहतं. तिथे डोळ्यांपेक्षा दोरीवर विश्वास ठेवावा. पाचशे किलोमीटरनंतर स्पोक, कोनसेट आणि इंजिनाच्या प्लेटा पुन्हा आवळून घ्यायच्या, कारण नवे भाग तोवर बसलेले असतात. हे सांगायला न विसरणारा मिस्त्री भेटला, तर गाडी त्याच्याकडेच ठेवावी.