कयाकची बैठक मापाची हवी

सी कयाक घेताना लोक लांबी विचारतात, वजन विचारतात, रंगावर तर तासभर चर्चा करतात. ज्या कॉकपिटमध्ये पुढे तासन्‌तास बसायचं, ते मात्र कारखान्यातून आलं तसंच ठेवतात. समुद्रात होडी तोलायची ती पाय, मांड्या आणि कंबर यांनी. हे अवयव आत सैल पडले, तर लाट होडीला एकीकडे ढकलते आणि आपण दुसरीकडे घसरतो. घट्ट आवळले, तर उलटल्यावर बाहेर पडणं जिवावर बेततं.

ग्रीनलंडचे इनुइट शिकारी हे जाणून होते. लाकडी सांगाड्यावर सीलचं कातडं चढवलेल्या त्यांच्या कयाकची मापं ती वल्हवणाऱ्याच्याच अंगावरून घेत. मांड्यांवरून जाणारी कमानदार आडवी पट्टी अशी बेताची असे, की पाय ताणले की मांड्या तिला जाऊन भिडत. आजची फायबरची कयाक सगळ्यांसाठी एकाच साच्यातून निघते. म्हणून उरलेलं काम आपल्यालाच करावं लागतं.

सुरुवात पायांपासून करा. होडी जमिनीवर ठेवून, पाण्यात घालणार तेच कपडे, बूट आणि लाइफ जॅकेट घालून आत बसा. चवडे पायटेकूवर, टाचा जवळ, गुडघे बाहेरच्या बाजूला, अशी बैठक हवी. चवड्यांनी दाब दिला की मांड्या वरच्या आधाराला घट्ट लागाव्यात आणि दाब सोडला की लगेच मोकळ्या व्हाव्यात. पायटेकू फार जवळ असतील तर पायांत गोळे येतात.

पाय बधिर होणं ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. बधिर पायांनी होडी तोलता येत नाही, किनाऱ्यावर उतरताना उभंही राहता येत नाही. बऱ्याचदा मांड्यांखाली आधार नसतो; सगळा भार बुडावर येतो आणि नस दबते. सीटच्या पुढे, मांड्यांखाली फोमचा उतरता तुकडा बसवला की फरक पडतो. त्याऐवजी जाड उशी घेऊन बसू नका. बैठक दोन सेंटिमीटर उंचावली तरी होडी डगमगायला लागते.

कंबरेच्या दोन्ही बाजूंना फोम लावायचा तो पाणी न शोषणारा. चपलांच्या तळव्यांना वापरतात तो ईव्हीए चालतो. स्पंज नको. पातळ थर एकावर एक चढवा, सुरीने कापा, खरखरीत पॉलिशपेपरने घासा. बाजूने तळहात सरकेल एवढी जागा राहू द्या. आधी चिकटपट्टीने तात्पुरता लावून पाण्यात तासभर वल्हवून बघा, मगच गोंद लावा. रबरी गोंद दोन्ही पृष्ठभागांवर लावून हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळवायचा आणि मग दाबायचं. प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिथिलीनच्या होडीला गोंद नीट धरत नाही. तिथे पट्ट्यांनी किंवा खाचेत अडकवून बसवणं बरं.

पाठीचा आधार कॉकपिटच्या कडेपेक्षा खाली असावा. उंच पाठ आरामाची वाटते, पण ती धड वळू देत नाही, स्प्रेडेक, म्हणजे कंबरेभोवती घालून कॉकपिटचं तोंड झाकायचं आवरण, नीट बसू देत नाही आणि पाण्यातून मागच्या बाजूने पुन्हा वर चढताना अडथळा आणते.

पायांजवळ सुटी दोरी, पिशवी, लोंबणारे पट्टे काहीही नको. पाणी उपसायचा पंप घट्ट बांधलेला असावा.

मालवणला किंवा गोव्यात पर्यटकांना मिळतात त्या कयाक बहुतेक उघड्या असतात. उलटल्या की माणूस आपोआप पाण्यात पडतो. बंद कॉकपिटमधून मात्र स्वतः बाहेर पडावं लागतं. म्हणून फोम नवा लावलात की खोल समुद्रात जाण्याआधी एक जाणता सोबती घेऊन छातीभर शांत पाण्यात जा. स्प्रेडेकची ओढपट्टी बाहेर आहे ना, हे बघा. मुद्दाम उलटा, पट्टी ओढा, बाहेर या. कुठेही अडकायला झालं, तर त्याच दिवशी तिथला फोम तासून काढा.