भेट द्या, पण हिशेबानं!

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर जरा निरखून पाहा. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा दिवस, सारं काही त्यावर टिपलेलं असतं. आणि तळाशी नाव असतं सराफाचं नाहीतर वाण्याचं! १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केलं. त्यावर आपलं नाव छापून गिऱ्हाइकांना भेट देणारे दुकानदार पुष्कळ. त्यांचा खर्च एकदाच, नाव मात्र वर्षभर आपल्या डोळ्यांसमोर!

मैत्रिणींनो, घरगुती उद्योग करणारीलाही ही युक्ती जमण्यासारखी आहे. मात्र वस्तू अशी हवी, की ती हातात घेताना तुमच्या मालाचीच आठवण व्हावी. नुसतं नाव छापलेलं पेन कुठल्या कुठे हरवतं.

भाजणी-मसाले करत असाल, तर नव्या मसाल्याची एका भाजीपुरती पुडी द्या. सोबत कृतीची चिठ्ठी हवीच. भाजणी किती, पाणी किती, कांदा किती, हे लिहिलेला जाड कागद डब्यातच राहतो. शिवणकाम करणाऱ्या बाईला तर खर्च जवळजवळ नाहीच. उरल्यासुरल्या कापडाचा बटवा शिवा, ब्लाउजबरोबर दोन जादा हुक आणि त्याच रंगाच्या दोऱ्याची गुंडी द्या. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, त्यामुळे घडी करून पर्समध्ये मावणारी कापडी पिशवी कुणीही आनंदानं घेईल.

नाव, फोन नंबर आणि तुम्ही काय करता, या तीन गोष्टी वस्तूवर हव्यातच. शाई धुण्यात जाणार नाही ना, हे आधी एक पिशवी धुऊन पाहा.

आता महत्त्वाचं, पैशांचं! समजा, भाजणीच्या किलोमागे खर्च वजा जाता तुम्हांला ४० रुपये सुटतात. ८ रुपयांची वस्तू १०० जणींना दिली, तर ८०० रुपये गेले. म्हणजे २० किलो भाजणी जास्त खपली, तरच खर्च भरून निघणार! घरखर्चातून बाजूला काढलेले पैसे असे हौसेखातर घालवणं कुणाला परवडेल? म्हणून आधी २५ वस्तूच करा. वहीत दोन रकाने आखा: कुणाला दिली आणि त्यातून कोण आलं. नव्या गिऱ्हाइकाला ‘आमचं नाव कुठं कळलं?’ असं सहज विचारा. दोन महिन्यांत वही खरं काय ते सांगेल. फायदा दिसला तरच पुढच्या ७५ करा.

आणखी एक, पहिला मान जुन्या गिऱ्हाइकांचा. त्यांच्या तोंडून शेजारणीपर्यंत जाणारं नाव हीच खरी जाहिरात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या हातची वस्तू वाण म्हणून जरूर लुटा. पण त्यावर ठसठशीत जाहिरात नको, आत छोटीशी चिठ्ठी पुरे. वाण ते वाणच राहावं.

भेटीचा खर्च काढायला मालात मात्र काटछाट करू नका हं! पिशवी पाहून बाई एकदा येईल. पुन्हा येईल ती थालीपीठ खुसखुशीत झालं म्हणूनच.