रात्रीचा निवेदक आणि शरीराचे घड्याळ

रात्री दहानंतर रेडिओवरचा आवाज आपोआप खाली येतो. निवेदक सावकाश बोलू लागतो, गाणीही संथ होतात. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेल्या विविध भारतीने ‘छायागीत’ आणि ‘बेला के फूल’ यांसारख्या कार्यक्रमांतून आपल्या दोन-तीन पिढ्यांना अशा रात्री दिल्या. अचलपूर-परतवाड्याकडे हे कार्यक्रम फक्त अंथरुणावर पडून ऐकले गेले नाहीत. हरभऱ्याच्या शेतात जागलीला गेलेला शेतकरी, रात्रीची वीज आली म्हणून ओलीत करायला उठलेला माणूस, रात्रपाळीचा मिल कामगार, वॉर्डातली सिस्टर या सगळ्यांना रेडिओची सोबत होती. सोबत देणारा तो निवेदकही त्यांच्याप्रमाणेच जागा असे, हे मात्र आपल्या फारसे लक्षात येत नाही.

आता मायक्रोफोनसमोर महाविद्यालयातील मुले-मुलीही बसू लागली आहेत. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००२ च्या अखेरीस केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची मुभा देण्याचे धोरण स्वीकारले. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. २००६ मध्ये हे दार स्वयंसेवी संस्थांनाही उघडले. पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ केंद्र आपल्या राज्यात परिचित आहे. या केंद्रांची ताकद लहान असते आणि त्यांचा आवाज काही किलोमीटरच पोहोचतो. पण इंटरनेटने ती हद्द पुसली आहे.

अमेरिकेत तर विद्यार्थ्यांनी रेडिओ चालवण्याची परंपरा १९३६ पासूनची, ब्राऊन विद्यापीठापासूनची. तिथे नव्या निवेदकाच्या वाट्याला बहुधा मध्यरात्रीनंतरची वेळ येते, कारण जुन्यांना ती नको असते. आपल्याकडून शिकायला गेलेली मुलेही हौसेने ती घेतात. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेदहा झालेले असतात. म्हणजे परतवाड्यातले आईवडील सकाळची कामे उरकता उरकता मुलाचा मध्यरात्रीचा कार्यक्रम ऐकू शकतात. अभिमान वाटतो आणि लगेच काळजीही वाटते: हा झोपतो केव्हा?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे.

घड्याळ डोळ्यांच्या मागे

१७२९ मध्ये दे मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखी एक वनस्पती अंधाऱ्या जागी ठेवली. ऊन मिळत नसतानाही तिची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे दिवस-रात्रीचे भान तिच्या आतच होते. असेच भान आपल्यातही आहे. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका असतो. तेच आपले मुख्य घड्याळ. पेशींमधील हे घड्याळ कोणत्या जनुकांवर चालते, हे उलगडणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

हे घड्याळ रोज प्रकाशाने लावले जाते. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढू लागते, शरीराचे तापमान हळूहळू उतरते आणि पहाटे तीन ते पाचच्या सुमारास ते सर्वांत खाली जाते. त्या वेळी माणूस जागा असला तरी त्याची प्रतिक्रिया मंदावलेली असते. स्टुडिओतले पांढरे दिवे आणि समोरचे संगणकाचे पडदे मात्र मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असे सांगत राहतात. कार्यक्रम संपवून खोलीवर आलेला विद्यार्थी म्हणूनच तास-दीड तास कूस बदलत राहतो.

इथे तरुणांची बाजूही सांगायला हवी. किशोरवयात हे घड्याळ पुढे सरकते आणि विशीच्या आसपास ते सर्वांत उशिराचे असते. रात्री बाराला ताजातवाना दिसणारा मुलगा नाटक करत नसतो. पण कॉलेजची वेळ त्याच्या घड्याळाप्रमाणे पुढे जात नाही. या वयात सात ते नऊ तास झोप हवी. दोनला कार्यक्रम संपला, तीनला डोळा लागला आणि सातला उठावे लागले, तर हाती चारच तास उरतात. आणि कापली जाते ती पहाटेची, स्वप्नांची झोप. शिकलेले पक्के होण्यात आणि मन ताळ्यावर राहण्यात तिचा मोठा वाटा असतो.

काचेच्या खोलीतला निवेदक

जागरणाचा सर्वांत गाजलेला प्रयोग एका रेडिओ निवेदकानेच स्वतःवर करून घेतला. जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये काचेच्या खोलीत बसून पीटर ट्रिप हा ३२ वर्षांचा निवेदक २०१ तास जागा राहिला. पोलिओसाठी निधी जमवणे हा हेतू होता आणि डॉक्टरांचे पथक सोबत होते. काही दिवसांतच त्याला नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. बुटात कोळ्याची जाळी दिसली, तपासायला आलेला डॉक्टर अंत्यविधी करणारा माणूस वाटला. शेवटच्या टप्प्यात त्याला जागे ठेवायला उत्तेजक औषधे द्यावी लागली.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या सगळ्या काळात ट्रिपचा रोजचा कार्यक्रम सुरू होता आणि ऐकणाऱ्यांना त्यात फारसे काही बिघडलेले जाणवत नव्हते. ठरावीक वेळ आली, मायक्रोफोन समोर आला की तो नेहमीप्रमाणे बोले. कार्यक्रम संपला की पुन्हा भ्रम.

आपल्या विद्यार्थी-निवेदकांसाठी धडा इथे आहे. कार्यक्रम चालू असताना उत्साह आणि जबाबदारी माणसाला तरतरीत ठेवतात. त्यावरून ‘मला जागरण सोसते’ असा समज होतो. पण ही तरतरी उसनी असते आणि लाल दिवा विझला की ती जाते. रात्रपाळी करणाऱ्या आम्हा डॉक्टरांचा अनुभव वेगळा नाही. रुग्ण समोर असेपर्यंत झोप जवळ येत नाही. तो सुखरूप झाला की पाच मिनिटांत पापण्या जड होतात.

धोका परतीच्या रस्त्यावर

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये जागरण आणि मद्य यांची तुलना केली. सलग १७ तास जागे असलेल्यांची हात-नजरेची कामगिरी १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावली. २४ तासांनंतर ती जवळजवळ १०० मिलिग्रॅमच्या पातळीला गेली. भारतात वाहन चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे.

आता हिशेब करा. सकाळी सातला उठलेल्या मुलीने रात्री बारापर्यंत कार्यक्रम केला की तिचे १७ तास झाले. दारूचा थेंबही न घेता तिची सावधानता कायद्याने मान्य केलेल्या पातळीच्या खाली आलेली असते. त्यानंतर ती दुचाकीची किल्ली फिरवते. थकलेला मेंदू काही सेकंदांची डुलकी घेतो आणि ती घेतल्याचे माणसाला कळतही नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ४० मीटरहून अधिक अंतर कापते. तेवढ्यात समोर उभी असलेली ट्रॉली, रस्त्यावर बसलेली जनावरे किंवा दिवा नसलेली बैलगाडी आली तर काय होते, हे कोणत्याही सरकारी दवाखान्यातल्या अपघात विभागाला विचारा.

एखाद-दुसऱ्या रात्रीचे जागरण तरुण शरीर भरून काढते. वर्षानुवर्षांच्या रात्रपाळीचा प्रश्न वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. तो इशारा दीर्घकाळ रात्रपाळी करणाऱ्यांसाठी आहे. आठवड्यातून एकदा गाणी लावणाऱ्या विद्यार्थ्याने त्याने घाबरून जाऊ नये. त्याने परतीच्या रस्त्याची काळजी अधिक करावी.

कान आणि घसा

निवेदकाच्या कानांवर हेडफोन असतो. थकवा आला की आवाज वाढवण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८९ डेसिबलला फक्त पाच तास. कार्यक्रमानंतर कानात शीळ वाजत असेल तर आवाज जास्त होता, असे समजावे. अंतःकर्णातील केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

बोलताना स्वरतंतू पुरुषांत सेकंदाला सुमारे १००-१२५ वेळा, स्त्रियांत सुमारे २०० वेळा एकमेकांवर आदळतात. त्यांच्यावरचा ओलावा टिकला तरच हे घर्षण सोसते. एसीची कोरडी हवा हा ओलावा टिकू देत नाही. रात्रीचा ‘मखमली’ आवाज काढण्यासाठी कुजबुजल्यासारखे बोलणेही घशाला आराम देत नाही. आपल्याकडे जागे राहण्यासाठी खर्ऱ्याची पुडी सुटते, तिच्याबद्दल वेगळे सांगायला नको. तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात अशाच ‘फक्त रात्रीपुरत्या’ सवयीतून होऊ शकते. आवाज तीन-चार आठवडे बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा.

कार्यक्रम करायचाच असेल तर

रात्रीचा कार्यक्रम बंद करा, असे मी म्हणणार नाही. बोलायला, ऐकायला, अनोळखी माणसाला धीर द्यायला तो शिकवतो. काही नियम मात्र केंद्राने आणि विद्यार्थ्याने मिळून पाळावेत.

• एका विद्यार्थ्याला आठवड्यातून एकच रात्र द्यावी. परीक्षेच्या काळात ध्वनिमुद्रित कार्यक्रम लावावा.

• कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी किंवा संध्याकाळी दीड तास झोप घ्यावी. ही आगाऊ झोप चहापेक्षा जास्त कामाची.

• चहा-कॉफी झोपण्याच्या सहा तास आधी थांबवावी. कॅफिनचे प्रमाण रक्तात निम्मे व्हायलाच साधारण पाच तास लागतात.

• शेवटच्या अर्ध्या तासात स्टुडिओतले दिवे मंद करावेत.

• मध्यरात्रीनंतर स्वतः गाडी चालवू नये. वसतिगृह जवळ नसेल तर झोपलेला माणूस घ्यायला यावा किंवा तिथेच झोपण्याची सोय असावी.

• दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोळू नये. नेहमीपेक्षा तास-दीड तास उशिरा उठून उन्हात फिरावे, म्हणजे घड्याळ जागेवर येते.

• जागरण नसलेल्या रात्रीही झोप येत नसेल, मन उदास राहत असेल, तर डॉक्टरांना भेटावे. ज्यांना फेफरे येतात किंवा ज्यांना पूर्वी मानसिक आजार झालेला आहे, त्यांनी जागरणाचे काम डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अपुऱ्या झोपेने हे त्रास उफाळतात.

ऐकणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. संथ संगीताने निद्रानाश असलेल्यांची झोप सुधारू शकते, असे उपलब्ध अभ्यास सांगतात. त्यासाठी आवाज लहान ठेवावा आणि अर्ध्या तासाने बंद होणारा टायमर लावावा. मोबाइलवर ऐकत असाल तर पडदा पालथा करून ठेवा. आणि आपल्या घरचे मूल दूरच्या शहरात असा कार्यक्रम करत असेल, तर गाणी छान होती हे सांगाच. सोबत दोन प्रश्न विचारा. आज दुपारी झोपला होतास का, आणि खोलीवर कोणाबरोबर गेलास?