देवळातला मुक्काम

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास तळकोकणात जत्रा सुरू होतात आणि दशावताराची मंडळी गावोगावच्या देवळांत मुक्कामाला उतरतात. पूर्वी पेटारे डोक्यावर घेऊन पायी येत, आता गाडी आहे.

नाटक पाहायला आपण रात्री जातो. गुरुजी, एकदा मुलांना घेऊन दिवसाउजेडी जा. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते, कोणी कोणते सोंग घ्यायचे, एवढे ठरते. भाषणे ज्याने त्याने आयत्या वेळी आपल्या पदरची बोलायची! त्यासाठी पुराणे तोंडपाठ हवीत, समोरच्याचा शब्द झेलता आला पाहिजे. रंगभूषाही जो तो आपली आपणच करतो. सामान म्हणाल तर एक बाकडे. तेच सिंहासन, तोच रथ.

ही विद्या जाणत्या नटाशेजारी बसूनच येते. पण पहाटे दहीकाला झाला की मंडळी पुढल्या गावी जाणार. मग मुलांनी शिकावे केव्हा?

पावसाळ्यात जत्रा नसतात, आणि पुष्कळ गावांतले समाजमंदिर लग्नकार्य नसले की कुलूपबंद असते. तिथे एखाद्या जुन्या नटाला आठ दिवस ठेवून घ्या. (देशावर भारूडकार, शाहीर आहेतच.) जेवणाची सोय आणि मानधन पंचायतीने आधी ठरवावे, सेवा म्हणून कलावंताला फुकट राबवणे बरे नव्हे. नाटक बसवण्याची घाई नको. दोन दिवस त्याला नुसत्या गोष्टी सांगू द्या. मग एका मुलाला राम करा, एकाला रावण, आणि म्हणावे, हं, आता बोला!